त्या काळी मुली कुठे धावायच्या?

आज पुतणीच्या शाळेत स्पोर्ट्स डे होता. निवेदक माइकवरून म्हणाला, "त्या काळी आपल्या मुली कुठे मैदानावर धावायच्या!" टाळ्याही पडल्या. दुसऱ्या रांगेत माझी ८४ वर्षांची आत्या बसली होती. तिने काठी या हातातून त्या हातात घेतली, बस. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय.

अरे, त्या काळी म्हणजे कधी? १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या मेरी डिसुझाने २०० मीटरला ब्राँझ मिळवलं. १९५२ ला ती आणि नीलिमा घोष हेलसिंकी ऑलिम्पिकला धावल्या. मेरीला पाठवायला पैसे नव्हते. मित्रमंडळींनी नाचाचे कार्यक्रम लावून, पत्त्यांचे डाव मांडून ते उभे केले. १९५४ ला मनिलाच्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्ण: मेरी, स्टेफी डिसुझा, व्हायोलेट पीटर्स, ख्रिस्तीन ब्राउन. किती जणांना पाठ आहेत ही नावं? मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ ला. हेलसिंकीनंतर ६१ वर्षांनी!

आणि १९५८ ची कटकची राष्ट्रीय स्पर्धा. तिथे मिल्खासिंगने २०० आणि ४०० मीटरचे राष्ट्रीय विक्रम केले, ते सगळ्यांना ठाऊक. आमच्या घरात कटक म्हणजे एक पत्र. १७ वर्षांची आत्या अनवाणी धावून २०० मीटरला निवडली गेली होती. आजोबांनी पत्र वाचलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं. विषय संपला.

कुणी म्हणेल, त्या डिसुझांच्या घरी मोकळीक होती, आपल्याकडे नव्हती. बरं, मान्य. पण म्हणून त्या आपल्या नाहीत का? आणि घरच्यांनी अडवलं म्हणून आत्या धावलीच नाही, असं कसं म्हणता? पायात दम होता म्हणूनच अडवावं लागलं ना!

लिहिता लिहिता आजोबांवरचा राग जरा उतरला. कारकुनाचा पगार, पाच पोरं, वर भाऊबंदांची बोलणी. ते पत्र त्यांनी फाडलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सापडलं, घड्यांवर चिरलेलं. आता ते आत्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली आहे.

दुपारी मुलींची २०० मीटर होती. आत्या उठली, काठी टेकत फक्कीच्या रेषेपाशी गेली आणि पीटीच्या सरांना म्हणाली, "सर, बाहेरच्या लेनची पोरगी अजून पुढे हवी. वळणावर तिला जास्त पडतंय." सरांनी आधी हसून मान हलवली. मग टेप आणून मोजलं. बुटाने जुनी रेष पुसली आणि हातभर पुढे नवी मारली.

ती पोरगी पुढे सरकून वाकेपर्यंत आत्या तिथेच उभी होती.