ढगामागचा फुजी

आज दुपारी सहलीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "जपानला जाऊन आलो, फुजी दिसलाच नाही, पैसे पाण्यात." खाली सगळ्यांचे रडके चेहरे. माझं डोकंच फिरलं. डोंगर काय तुमच्या तिकिटाला बांधलाय?

गेल्या जूनमध्ये आईला घेऊन मी तोक्योहून अशाच एका दिवसाच्या बससहलीला गेले होते. जून म्हणजे तिकडचा पावसाळा, पण रजा तेव्हाच मिळाली. गाइडबाईंनी बसमध्येच सांगून टाकलं, आज फुजीसान दिसणं कठीण आहे. तरी आई अराकुरायामा या टेकडीच्या 398 पायऱ्या चढली. गुडघ्याला पट्टा, दर वीस पायऱ्यांवर थांबा. वर लालभडक चुरेतो पॅगोडा आणि त्याच्यामागे नुसता ढग. आईने पदर सारखा केला आणि त्या ढगाला हात जोडले.

बसमधली बाकीची मंडळी दहा मिनिटांत खाली. "चला, इथे काही नाहीये." काही नाहीये? 3776 मीटरचा डोंगर आहे तिथे! 2013 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, तेही सांस्कृतिक, म्हणजे माणसांनी शतकानुशतकं त्याला देव मानलं म्हणून. आणि आपण जातो फोटोला. फुजिकावागुचिकोत एका दुकानामागे फुजी छान दिसतो, तर लोक भररस्त्यात उभे राहायला लागले. 2024 मध्ये गावाने वैतागून तिथे अडीच मीटर उंच काळं जाळं लावलं. स्वतःच्याच डोंगरावर पडदा! मला वाचूनच लाज वाटली होती.

बरं, मान्य, एवढा खर्च करून पुन्हा जाणं होत नाही. वाईट मलाही वाटलं. पायऱ्या उतरताना तर रडूच येत होतं. आईच म्हणाली, "अगं, वारीत गर्दी असली की आम्ही कळसालाच हात जोडून परततो ना?"

पुढे ओशिनो हाक्काई. आठ झरे, पूर्वी यात्रेकरू चढण्याआधी तिथे शुद्ध व्हायचे. आम्हाला मिळाली वीस मिनिटं, खरेदीला मात्र तासभर. याचा राग करा ना, ढगाचा काय करता? गाइडबाई म्हणाल्या, हे फुजीवरचं बर्फाचं पाणी, लाव्ह्यातून झिरपत आलेलं. आईने ओंजळभर घेतलं, डोळ्यांना लावलं. "भेटला की मग," म्हणाली.

तिच्या मोबाइलवर अजून तोच फोटो आहे, पॅगोडा आणि ढग. शेजारच्या काकूंना दाखवताना ती ढगावर बोट ठेवते, "हा बघा फुजी."