उद्यानात पूल बांधताय? मग एवढं कराच

अभिनंदन! उद्यानातल्या पादचारी पुलाचं काम तुमच्याकडे आलंय. आता सगळ्यात आधी एक खुळी कल्पना डोक्यातून काढा, की पुलावरून माणसं चालणार आहेत.

जागा ठरवायला उद्यानात जाऊ नका. गेलात तर हिरवळीतून मळलेली पाऊलवाट दिसेल, ती ओढ्याच्या ज्या काठाशी संपते तिथेच पूल हवा असं उगाच वाटायला लागेल. लोकांच्या पायांना काय कळतं? नकाशा टेबलावर पसरा आणि प्रवेशद्वारातून जो कोपरा झकास दिसतो तिथे रेघ ओढा. तिथे ओढा नसेल तर तळं खोदता येतं.

कुणीतरी शहाणा सेंट्रल पार्कचा दाखला देईलच. न्यूयॉर्कच्या त्या उद्यानाचा आराखडा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडगोळीचा, १८५८ मधला. पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा त्यांनी वेगळ्या ठेवल्या. जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक वरून, दुसरी खालून काढली. म्हणजे पूल कशासाठी हे आधी, आणि दिसेल कसा हे नंतर! तरीही तिथला ओतीव लोखंडाचा बो ब्रिज लोक आजही मुद्दाम बघायला जातात. योगायोग, दुसरं काय.

चालायचा पृष्ठभाग काचेचाच घ्या. स्पेनमधल्या बिलबाओ शहरात १९९७ साली असा एक देखणा पूल झाला. पाऊस पडला की लोक घसरायचे, म्हणून पुढे त्या काचेवर जाजम अंथरावं लागलं. त्याच वास्तुविशारदाच्या व्हेनिसमधल्या पुलावर, २००८ साली, पुन्हा काच आणि वर पायऱ्या! अनुभवाला दाद द्यायची नाही, ती ही अशी.

पायऱ्यांवरून आठवलं. बाराला एक असा उतार ठेवायचा म्हणजे मीटरभर चढायला बारा मीटर जागा जाते. त्यापेक्षा पायऱ्याच बांधा आणि पहिल्या पायरीशी चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लावा. सोय झाल्यासारखी दिसते.

पूल सडपातळ हवा, अगदी काडीसारखा. सल्लागार कंपनांचं गणित काढेल. म्हणेल, माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, एक डावं नि एक उजवं, त्यामुळे आडवा हिसका सेकंदाला एकदा बसतो. पुलाची स्वतःची आडवी लय त्याच्या जवळपास असली की पूल डोलतो. डोलू द्या की! लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि लगेच डोलायला लागला. पायाखालचा पूल हलला की माणूस पाय फाकवून तोल सावरतो, आणि सावरता सावरता नकळत पुलाच्याच तालात चालायला लागतो. त्याने पूल आणखी झुलतो, मग माणसं आणखी सावरतात. दोन दिवसांत पूल बंद झाला. कंपनं शोषणारे डॅम्पर बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला, दुरुस्तीला सुमारे ५० लाख पौंड लागले. आधीच हिशेब केला तर या दुसऱ्या टेंडरवर पाणी सोडावं लागेल, तेवढं सल्लागाराला समजावून सांगा.

तो चौरस मीटरला ५०० किलो भाराचाही आग्रह धरेल. एवढी गर्दी उद्यानात कधी होते, असं ठणकावून विचारा. फक्त लोकार्पणाच्या दिवशी होते, जेव्हा सगळे मान्यवर फोटोसाठी एकाच कठड्याला रेलून उभे असतात. पण हे त्याला सुचू देऊ नका.

लाकडी फळ्या टाकायच्याच असतील तर पुलाच्या लांबीला समांतर टाका, म्हणजे सायकलीचं चाक फटीत नेमकं बसतं.

राहता राहिली देखभाल. तुळई काठावर जिथे टेकते त्या खोबणीत पाला साचतो, ओल धरतो, आणि वरून झकपक दिसणारा पूल तिथून गंजायला लागतो. म्हणून रंग नेहमी वरच्या बाजूलाच द्या. खालून बघतात ती बदकं, आणि तक्रारवहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.