14 तास? कुणाच्या हिशेबाने?

मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर 12,500 किलोमीटर, वेळ 14 तास. नेटवर शोधायला जा, जिथे तिथे हेच. अरे, कुठलं विमान जातं 14 तासांत? साडेबारा हजाराला ताशी 900 च्या वेगाने भागलं की झाला प्रवास?

जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा समोरून येतो, त्यामुळे थेट विमानालासुद्धा 16 तासांच्या आसपास लागतात. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून वेळ कमी. म्हणजे जायचा आणि यायचा आकडा एकच असूच शकत नाही! आणि या साइटी नकाशावर जी वाकडी रेष ओढतात तिच्यावरून विमान जातंच असं नाही. 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आपल्या विमानांना बंद. त्या वळशापायी दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. या साइटींना त्याचा पत्ताच नाही.

त्यात तिकिटावरच्या वेळा. रात्री 2 ला सुटणार, सकाळी साडेआठला पोचणार, तारीख तीच. वडील मला विचारतात, "साडेसहा तासच लागतात होय?" त्यांचं काय चुकलं? दोन्ही वेळा आपापल्या गावच्या, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. प्रवासाचे खरे तास कुठे, तर खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी अक्षरांत, मुंगीएवढे. सत्तरीच्या माणसाने भिंग घेऊन बसायचं का?

आणि हे झालं थेट विमानाचं. परवडतं ते मधे थांबणारं. "सर्वात स्वस्त" म्हणून वर झळकणाऱ्या तिकिटात आखातातल्या विमानतळावर रात्रभर बसणं असतं, ते आत चार ठिकाणी बोट दाबल्यावर कळतं. माझी आई तिथे लोखंडी खुर्चीवर बसून राहिली. पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना, पुढचं विमान तिने पट्टा सोडूनच गाठलं. वडिलांना इन्सुलिन. जेवण कधी, सुई कधी, हे सगळं तासांवर ठरतं हो! त्यांना "अंदाजे" चालत नाही.

साताऱ्याहून खंबाटकी, मग एक्स्प्रेसवे, खंडाळ्याला ट्रकांची रांग, विमानतळावर तीन तास आधी हजर. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग वेगळीच. दाराला कुलूप लावल्यापासून मुलाच्या दारात पोचेपर्यंत आई-वडिलांचा दीड दिवस जातो, आणि शेजारचे विचारतात, "14 तासांचंच तर आहे ना?"

साइटवाल्यांनो, एवढं मोठं तंत्रज्ञान तुमच्या हाताशी. जातानाचे तास वेगळे, येतानाचे वेगळे, थांबा किती, कुठे, रात्रीचा की दिवसाचा, हे भाड्याच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत पहिल्याच पानावर टाकायला काय जातं तुमचं?