‘संवाद म्हणजे सापळा’ : एका फिरत्या संदेशाला वसईतून उत्तर

नाताळाच्या तोंडावर आईच्या हरिपाठ मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात एक लांबलचक संदेश येऊन पडला आणि तो वाचून तिने मला विचारले की, शेजारच्या ख्रिस्ती घरातून येणारा फराळ यंदा घ्यावा की घेऊ नये. असले संदेश मी एरवी पूर्ण वाचतही नाही. परंतु ज्या घराशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे, त्याच्याविषयी सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मनात असा प्रश्न उभा राहावा, हे मला सोसण्यासारखे नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : हिंदू-ख्रिस्ती संवाद हे धर्मांतराचे नवे नाव आहे, वसईचे ख्रिस्ती पोर्तुगिजांचे वंशज, म्हणजे परके आहेत, म्हणून त्यांच्याकडून भाजी, फुले, केळी घेऊ नयेत, ख्रिस्त्यांची संख्या झपाट्याने वाढत आहे, वांद्र्याच्या मोत माऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला जाणारा हिंदू अर्धा बाटलेला असतो, आणि ख्रिस्त्यांचे मराठीप्रेम हे सोंग आहे.

यातले सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक कलम परकेपणाचे आहे, म्हणून आधी तेच घेतो. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. शरणागतीच्या तहाप्रमाणे पोर्तुगीज सैन्य आणि अंमलदार किल्ला सोडून निघून गेले. मागे राहिले ते याच मातीतले शेतकरी, वाडवळ, कोळी आणि कारागीर, आणि त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक त्याच तहाने दिलेली होती. ज्या विजयाच्या नावाने हा संदेश छाती फुगवतो, तो विजय मिळवणाऱ्यांनी वसईच्या ख्रिस्ती रयतेला गलबतात घालून लिस्बनला पाठवले नाही. तो साक्षात्कार पावणेतीनशे वर्षांनंतर मोबाइलवर बसलेल्या कोणाला तरी झालेला आहे. आडनाव परेरा किंवा डिमेलो असले म्हणजे रक्तही पोर्तुगीज असणार, असा त्याचा समज दिसतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव लावण्याची तेव्हा रीत होती, इतकाच त्या आडनावांचा अर्थ. वसईच्या सामवेदी ख्रिस्त्यांची कादोडी बोली कानावर पडली, तर संदेशकर्त्याला तीच बोली इथल्या सामवेदी ब्राह्मणांच्या घरांतही ऐकू येईल. लिस्बनमध्ये ती कोणाला कळणार नाही.

त्यांचे पूर्वज धर्मांतरित झाले, आणि पुष्कळदा सक्तीने झाले, हे मात्र खरे आहे. पोर्तुगीज अंमलाखाली देवळे पाडली गेली, आणि गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून, मधला थोडा खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. हे कोणी झाकू पाहील, तर त्यालाही मी असेच उत्तर देईन. परंतु ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्याच पणतू-खापरपणतूंची भाजी बंद करायची, हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रात बसतो? आणि बहिष्कार टाकायचा तो कोणावर, हेही पाहावे. वसईच्या हिरव्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुले आणि भाजी पिकवून पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात नेणारी जी थोडी कुटुंबे अजून टिकून आहेत, त्यांत ख्रिस्ती घरे मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा माल विकला गेला नाही, तर वाडी विकली जाईल, आणि ती घेणारा बिल्डर कोणत्या धर्माचा आहे, याची चौकशी संदेशकर्ता करणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हीच जमीन आणि विहिरींचे हेच गोडे पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही होते, कारण टँकरने पाणी उपसले जाऊ लागले की विहीर मचूळ होते, आणि ती होताना मालकाचा धर्म विचारत नाही. हिंदू-ख्रिस्ती सहकार्य म्हणजे काय, हे मला कोणी विचारले, तर सभागृहात समई लावून होणाऱ्या संवादाच्या कार्यक्रमांआधी मी हे आंदोलन सांगेन.

मोत माऊलीच्या कलमावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. वांद्र्याची जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते, आणि मेणाचे हात, पाय, घरे, बाळे घेऊन नवस फेडायला पिढ्यानपिढ्या गेलेली हिंदू माणसे हिंदूच राहिलेली आहेत. जत्रेने माणूस बाटत असेल, तर हाच नियम उलट बाजूनेही लावावा लागेल. गोव्यातल्या कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट मिशनरी मारले गेले आणि सूड म्हणून पोर्तुगिजांनी गावच्या गांवकरांना, म्हणजे प्रमुखांना, तहाच्या बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. हिंदू-ख्रिस्ती संबंधांच्या इतिहासात याहून रक्ताळलेले गाव कोकणपट्टीत शोधूनही क्वचितच सापडेल. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण त्या काळापासून फातर्पे गावी आहे, आणि तिची छत्रे वाजतगाजत कुंकळ्ळीला येतात त्या उत्सवात तिथले ख्रिस्तीही सामील होतात. ते अर्धे हिंदू झाले, असे त्यांचे पाद्री म्हणत असतील, तर ते पाद्री आणि आपले संदेशकर्ते यांनी एकत्र बसून एकच संदेश तयार करावा, श्रम वाचतील.

लोकसंख्येचे कलम जनगणनेपुढे टिकत नाही. देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्त्यांचे प्रमाण १९७१ साली २.६० टक्के होते. २०११ साली ते २.३० टक्के भरले. महाराष्ट्रात २००१ ते २०११ या दशकात ते १.०९ वरून ०.९६ टक्क्यांवर आले, आणि गोव्यात, म्हणजे चर्चचा प्रभाव सर्वाधिक आहे असे ज्या राज्याविषयी सांगितले जाते तिथे, सुमारे २६.७ वरून २५.१ वर उतरले. यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यांश आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो. पहिला असा की, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते, त्यामुळे काही जण कागदोपत्री हिंदूच राहत असणार. दुसरा असा की, अरुणाचल प्रदेशात त्याच दहा वर्षांत हे प्रमाण १८.७ वरून ३०.३ टक्क्यांवर गेले. तिथे काय घडले याचा अभ्यास अवश्य व्हावा. पण इटानगरचा हिशेब वसईच्या भाजीवालीकडून चुकता करून घेता येत नाही.

मराठीप्रेमाच्या सोंगाविषयी एवढेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात मराठीत छापले. हेतू धर्मप्रचाराचा होता, यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनेच स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, हे लक्षात घेतले म्हणजे सोंग कोणाचे आणि कष्ट कोणाचे ते समजते. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटचा प्रबंध तुकोबांच्या ईश्वरानुभवावर लिहिला. दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा याच संदेशाची थोरली भावंडे फिरत होती. संमेलन त्यांना भीक न घालता पार पडले.

उरले मूळ कलम, संवाद हा सापळा असल्याचे. येथे संदेशकर्त्याच्या हाती एक खरा धागा आहे आणि तो मी त्याच्या हातून हिसकावणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे १९९९ साली ऐन दिवाळीच्या दिवसांत दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती यावे, अशी इच्छा व्यक्त करणाऱ्या दस्तऐवजावर त्यांनी तिथेच सही केली. संवादाची भाषा बोलणाऱ्या संस्थेने यजमानाच्या घरी, त्याच्या सणात असे बोलावे, हे औचित्याला धरून नव्हते, आणि हिंदूंना ते खटकले तर त्यात नवल नाही. परंतु त्याच चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख करून, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असे म्हटले आहे आणि आपल्या लोकांना संवाद व सहकार्य करण्यास सांगितले आहे. दोन्ही कागद खरे आहेत. त्यांतला कोणता खरा धरायचा, हे समोरच्याला तोंडावर विचारायचे असेल, तर समोर बसावे लागेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि १९१७ साली त्यांनीच मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या चौकटीत राहून ते जमले नसते, हे त्यांनी ओळखले होते.

फसवणुकीने वा आमिषाने धर्मांतर होत असेल, तर त्यासाठी अनेक राज्यांत कायदे आहेत. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा धर्मप्रसाराच्या मूलभूत अधिकाराचा भाग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगून ठेवले आहे. तेव्हा तक्रार जरूर करावी, पण तिच्यात गाव, वर्ष आणि घटना असावी. वसईतल्या कोणत्या संवाद-बैठकीतून कोणत्या हिंदूचे धर्मांतर झाले, याचे एकही उदाहरण त्या लांबलचक संदेशात नाही. ते असल्यास संदेशकर्त्याने पुढच्या वेळी तेवढेच पाठवावे.