आकाशातली वहिवाट कुणाची?

उडत्या गाडीचा एखादा व्हिडिओ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर तो दिवसभर फिरतो. खाली प्रतिक्रिया ठरलेली: "मुंबई-गोवा महामार्ग पुरा होण्याआधी ह्याच येतील बघा." त्यामागची तळमळ मला कळते. पण या विषयावर फक्त 'कधी येणार' एवढंच बोललं जातं. वाट कुठून जाणार आणि ती कोण ठरवणार, यावर कुणीच बोलत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की मला उडती गाडी हवी आहे. कोकणात राहणाऱ्याला ती का हवी हे समजावून सांगावं लागत नाही. दाभोळला उभं राहिलं की पलीकडचं धोपावे डोळ्यांसमोर दिसतं. फेरीबोट असेल तर काही मिनिटांचं काम, नसेल तर चिपळूणवरून वळसा. रेवसपासून रेडीपर्यंत हेच आहे. दर थोड्या अंतरावर खाडी, आणि मधे सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि घाट्या. रात्री बाळंतपणाची अडली किंवा कुणाला साप चावला, आणि त्यात पाऊस कोसळत असला, की समोर दिसणारं गाव किती लांब असतं ते आमच्या बायकांना विचारा. खाडीवरून सरळ उडत जाणारी रुग्णवाहिका आली तर माणसं वाचतील. त्यामुळे 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणून मी हा विषय सोडून देणार नाही.

गाडी उडवण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेत ग्लेन कर्टिसने 1917 मध्येच पंखवाली मोटार दाखवली होती. 1949 मध्ये मोल्ट टेलरची 'एअरोकार' उडाली, तिला पुढे सरकारी मान्यताही मिळाली, पण कारखान्यातून ढिगाने गाड्या काही निघाल्या नाहीत. जून 2021 मध्ये स्लोव्हाकियातल्या 'एअरकार'ने नित्रा ते ब्रातिस्लावा हे अंतर 35 मिनिटांत कापलं आणि उतरल्यावर पंख मिटून ती रस्त्यावर चालू लागली. तिला धावपट्टी लागते. जागच्या जागी वर उठणारी विजेवरची यंत्रं हा वेगळा प्रकार. चीनमधल्या ईहँग कंपनीच्या अशा यंत्राला ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या सरकारने मान्यता दिली. दोन माणसं बसतात, पल्ला साधारण 30 किलोमीटर, आणि आत वैमानिक नाही. जर्मनीतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन नावाजलेल्या कंपन्यांनी 2024 मध्ये दिवाळखोरीचे अर्ज केले. आपल्याकडे बेंगळुरूच्या सरला एव्हिएशनने जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आपलं प्रारूप मांडलं. म्हणजे उद्या सकाळी काही येत नाहीये, पण येणारच नाही असंही नाही. 30 किलोमीटरचा पल्ला मुंबईकराला थोडा वाटेल, पण आमच्या खाड्यांना तो पुरून उरतो.

आता वाटेचं बघू. माझ्या माहेरच्या वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट चार घरांच्या आगरांतून जाते. पहिल्या घराच्या गडग्याला मुद्दाम फट ठेवलीय. आत एक, बाहेर एक चिऱ्याची पायरी, आणि गुरं शिरू नयेत म्हणून फटीत दोन आडव्या काठ्या सरकवलेल्या. जाताना काठी काढायची, पलीकडे गेल्यावर परत सरकवायची. पुढे माडांच्या दोन रांगांमधून वाट जाते. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला झावळ्या लागू नयेत एवढी ती रुंद आहे, इंचभरही जास्त नाही. ही रुंदी कुणी मोजून दिलेली नाही. पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांनी आणि आगरवाल्यांनी मिळून ती ठरवली. पिढ्यान् पिढ्या.

ही वहिवाट. कोकणात वहिवाटीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, प्रकरणं 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारापुढे उभी राहतात. भांडणं वाईटच. पण त्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंना एवढं मान्य असतं की वाट कुठून जाणार यात जमीनवाल्याचंही ऐकायचं आणि चालणाऱ्याचंही. आकाशात असं काही उरत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनी देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या गावावर कोणता रंग आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? उडत्या गाड्यांचे मार्गही असेच आखले जातील, लांब कुठेतरी, पडद्यावर. आणि खाली कोण राहतं हे कुणी विचारणार नाही.

वाट तिथल्या माणसाला कशी कळते तेही बघा. माझे मामा तांडेल होते, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके. शेवटच्या काळात त्यांच्या बोटीवर जीपीएस होतं आणि ते आवडीने वापरायचे. पण जाळं कुठे टाकायचं हे ठरायचं किनाऱ्यावरच्या खुणांवरून. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खाच एका ओळीत आली, ही एक रेषा. दीपस्तंभ सड्याच्या टोकाआड शिरायला लागला, ही दुसरी. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे पाण्याखाली खडक, आणि खडकाभोवती मासा. धुरकटलेल्या सकाळी डोंगर दिसायचा नाही, तेव्हा ते बोटीच्या तळाशी पाय रोवून उभे राहायचे. मला एकदा म्हणाले, "लाट खंयसून येता ता बघ गो, मगे डोळे मिटलंस तरी घर गावतला."

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की प्रशांत महासागरातली मार्शल बेटांवरची माणसंही हेच करत. माडाच्या हिरांसारख्या काड्या एकमेकींना बांधून, त्यांत कवड्या अडकवून ते नकाशे करायचे. काड्या म्हणजे लाटांची वळणं आणि कवड्या म्हणजे बेटं. हा नकाशा बोटीत न्यायचाच नाही. किनाऱ्यावर बसून पाठ करायचा आणि समुद्रावर गेल्यावर अंगाला लाट ओळखता आली पाहिजे. 1976 मध्ये सातावल बेटावरच्या माऊ पियाइलुग यांनी 'होकुलेआ' ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला नेली. सुमारे 4,000 किलोमीटर, एकही उपकरण न वापरता, तारे आणि लाटा बघत. ते त्यांना आजोबांनी शिकवलं होतं. विद्या संपू नये म्हणून पुढे त्यांनी ती परक्या बेटांवरच्या मुलांनाही शिकवली, याचं मला फार मोल वाटतं.

आपला अरबी समुद्रही यात मागे नव्हता. इथले अरब नाखवे 'कमाल' वापरत. लहानशी लाकडी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची. एकेक गाठ एकेका बंदराची. ध्रुव बरोबर वरच्या कडेवर आला की तुम्ही त्या बंदराच्या रेषेत आलात, आता फक्त पूर्वेला वळायचं. आपल्या किनाऱ्यावर ध्रुव क्षितिजापासून साधारण 16 ते 19 अंशच वर दिसतो, म्हणजे हात लांब करून मोजता येण्याजोगा.

जमिनीवरही वाट खुणांनीच कळते. कोस्टा रिकाच्या राजधानीत लोक पत्ता सांगतात तो खुणेवरून. सॅन पेद्रो भागात एका जुन्या उंबराच्या जातीच्या झाडावरून अजून पत्ते सांगतात, आणि ते झाड केव्हाच गेलंय. आमच्याकडे महामार्गाच्या रुंदीकरणात किती वड-पिंपळ गेले! 'वडाकडे उतर' म्हटलं की म्हातारं माणूस अजून बरोबर उतरतं, मुंबईहून आलेला नातू मात्र फोन काढतो. नातवाला मी दोष देत नाही. त्याला ती खूण कुणी दाखवलीच नाही.

विमानं आली तेव्हा वैमानिकही जमीन वाचतच उडायचे. 1921 मध्ये कैरो-बगदाद हवाई मार्गासाठी ब्रिटिशांनी वाळवंटात नांगराने तास काढले होते, वरून दिसावेत म्हणून. अमेरिकेत टपाल विमानांसाठी जमिनीवर काँक्रीटचे मोठाले बाण ओतले होते. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेही कुणी रेडिओवरून वाट दाखवत नसताना. आणि पावसाळ्यात जुहूचा तळ चिखलात जायचा म्हणून पुढे त्यांना चार महिने पुण्याहून काम चालवावं लागलं. पाऊस म्हणजे काय हे या किनाऱ्याने विमानांना पहिल्याच वर्षी दाखवलं होतं.

आता 'उपग्रह आहे की' असं कुणी म्हणेल. एप्रिल 2024 च्या अखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर थांबवली, कारण जीपीएसचे सिग्नल बिघडवले जात होते आणि तिथे उतरायची पद्धत त्यावरच बेतलेली होती. अमेरिकेच्या नौदल अकादमीने तर ताऱ्यांवरून जागा काढण्याचं बंद केलेलं शिक्षण 2015 मध्ये परत सुरू केलं. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना माणसाच्या डोक्यातली वाट लागते, आणि आमच्या खाडीवरून जुलैच्या झडीत जाणाऱ्या यंत्रात मात्र माणूसच नको?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. कोकणात ही यंत्रं आधी रुग्णांसाठी यावीत, खाडीच्या या तीरावरून त्या तीरावरच्या दवाखान्यात. त्यांत वैमानिक असावा, आणि तो इथला मुलगा किंवा मुलगी असावी, इथला वारा अंगावर घेतलेली. वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर पाकोळी पक्ष्यांची वीण असते, किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्र गरुडांची घरटी असतात, तिथून मार्ग नकोच. सड्यावर दुपारी वारा कसा फिरतो, धुकं कोणत्या घळीतून वर चढतं, हे गुराख्यांना विचारा. पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालणाऱ्या कोकण रेल्वेच्या माणसांना विचारा. एसटीच्या चालकांना विचारा. शाळेत मुलांना ध्रुव आणि सप्तर्षी आकाशात दाखवा, फक्त पुस्तकात नको.

आणि मार्गांचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीत काढा, नकाशासकट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सुनावणी जून-जुलैमध्ये ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. तेव्हाच तांडेलांना येऊन बोलता येईल.