तेवीस जातींवर बंदी घातल्याने चावे का थांबणार नाहीत

पाळीव कुत्र्याने कोणावर हल्ला केल्याची बातमी आली की दोन दिवसांत एक ठरावीक संदेश सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या जाती जन्मतःच हिंस्र असतात, त्यांचा जबडा एकदा मिटला की कुलूप लागल्यासारखा बसतो, परदेशांनी या जातींवर बंदी घालून प्रश्न सोडवला, आपल्या केंद्र सरकारनेही २३ जातींवर बंदी आणली होती, पण श्वानप्रेमींनी न्यायालयात जाऊन ती हाणून पाडली, आणि बंदी नसल्यामुळेच पिल्लांचा धंदा मोकाट सुटला आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौत ऐंशी ओलांडलेल्या एका वृद्धेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला, हे मी विसरलेलो नाही आणि अशा घटनांनंतर लोकांना येणारा संताप रास्तच आहे. परंतु या संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि चुकीच्या उपायावर समाधान मानले तर पुढचा हल्ला टळत नाही.

न्यायालयांपासून सुरुवात करतो. केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून या जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास आणि आधीपासून घरी असलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घेण्यास सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिलला हे पत्र रद्द केले. ही कुत्री निरुपद्रवी आहेत, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार होता त्यांचे म्हणणे न ऐकताच तो घेतला गेला, हा आक्षेप होता, आणि त्यानंतर केंद्राने लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या. यात कोणाच्या दबावाचा प्रश्न येतोच कुठे?

ती यादी मात्र सर्वांनी एकदा सावकाश वाचावी. तिच्यात ‘तोसा इनू’ आहे आणि पुढे पुन्हा ‘जपानी तोसा’ही आहे, वास्तविक ही एकच जात. बोअरबोएल ही जात स्वतंत्रपणे आहे आणि ‘मॅस्टिफ’ या शब्दापुढील कंसातही आहे. सर्वांत गंभीर चूक म्हणजे नुसता ‘टेरियर’ हा शब्द. टेरियर ही एक जात नसून डझनावारी जातींचा गट आहे, आणि जेमतेम तीन किलो वजनाचा, मांडीवर झोपणारा यॉर्कशायर टेरियरही त्यातच मोडतो. शिवाय या जातींच्या संकरित कुत्र्यांनाही हीच बंदी लागू होणार होती, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण संकर ओळखायचा कोणी आणि कसा?

आमच्या घरी सात वर्षांची एक तांबूस कुत्री आहे. पावसाळ्यात नाल्याच्या कडेला सापडलेली, आखूड केसांची, रुंद डोक्याची, छातीवर पांढरा पट्टा असलेली. परवान्याच्या अर्जातील ‘जात’ या रकान्यात मी ‘देशी’ असे लिहिले होते. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने फोटोकडे पाहिले, ‘पिटबुल क्रॉस दिसते’ असे म्हणून अर्ज बाजूला ठेवला, आणि ती तशी नाही हे सिद्ध करण्यासाठी मला पुढे तीन खेपा घालाव्या लागल्या. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण रोज कुत्री हाताळणारेही यात फसतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चार निवारा केंद्रांतील १२० कुत्र्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांनी त्यांतील ६२ कुत्री पिटबुल वळणाची ठरवली होती. डीएनए चाचणीत तसा वारसा केवळ २५ कुत्र्यांत आढळला. ज्या कायद्याचा आरोपीच नजरेने ओळखता येत नाही, तो कायदा खिडकीमागच्या माणसाने कसा राबवायचा?

जबड्याच्या कुलपाची गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. कोणत्याही जातीच्या कुत्र्याच्या जबड्यात असे कुलूप घालणारी रचना नसते.

‘जन्मतः हिंस्र’ या विधानाला थोडे अधिक उत्तर द्यावे लागेल, कारण त्यात सत्याचा अंश आहे. आनुवंशिकतेचा स्वभावाशी काहीच संबंध नसतो असे मी म्हणणार नाही. मेंढपाळाचे कुत्रे आणि शिकारी कुत्रे यांच्यातील फरक कोणालाही दिसतो. परंतु ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात असे आढळले की दोन कुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी सरासरी अवघा ९ टक्के भाग जातीने स्पष्ट होतो. उरलेल्या भागात त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड, त्याचे वाढीचे दिवस आणि त्याला मिळालेली वागणूक येते. मोठ्या कुत्र्याचा चावा अधिक खोल जातो हे निर्विवाद आहे, आणि म्हणून बाहेर नेताना मजबूत पट्टा, गरज असेल तर मुसके आणि पिल्लू असल्यापासून शिस्त यांची सक्ती मी आनंदाने मान्य करीन. मात्र ती सक्ती कुत्र्याचे आकारमान आणि त्याचे प्रत्यक्ष वर्तन पाहून व्हावी.

परदेशांचा दाखला तर उलटाच पडतो. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली. तीन दशकांनंतर तिथे एक्सएल बुली नावाच्या नव्याच प्रकाराने उच्छाद मांडला आणि २०२३ च्या अखेरीस पाचवे नाव जोडावे लागले. यादीत एक नाव घातले की शौकीन मंडळी यादीबाहेरच्या दुसऱ्या दांडग्या कुत्र्याकडे वळतात. नेदरलँड्सने १९९३ पासूनची आपली बंदी २००८ मध्ये मागे घेतली. इटलीने २००९ मध्ये जातींची यादी रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. आपल्याकडे २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या, त्यांतील ४ लाख ८५ हजार महाराष्ट्रातील. त्यांतला मोठा वाटा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आहे, आणि ती कोणत्याच यादीत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता पैदाशीबद्दल. धंदा मोकाट आहे हे खरे, पण नियम नाहीत म्हणून नव्हे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी किमान अठरा महिन्यांची असली पाहिजे. आयुष्यात तिची पाचपेक्षा जास्त वेत होता कामा नयेत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्या कुटुंबासाठी पिल्लू पाहायला मी शहराबाहेरच्या एका शेडमध्ये गेलो होतो. पत्र्याखाली चार माद्या होत्या, त्यांतल्या एकीची आचळे जमिनीला टेकत होती, आणि ‘महिन्याचं आहे, आजच न्या, उद्या राहणार नाही’ असे सांगून जे पिल्लू आमच्या हातात दिले गेले, त्याला धड उभेही राहता येत नव्हते. इतक्या लवकर आईपासून आणि भावंडांपासून तोडलेले पिल्लू दात किती जोराने लावायचे हे नीट शिकत नाही. ते शिक्षण त्याला मुख्यतः भावंडांशी खेळताना मिळते. अशा शेडला जातीवरच्या बंदीची झळ कशी लागणार? तिचे नावच कुठे नोंदलेले नाही. झळ लागेल ती नोंदणी करून, तपासण्या करून, कागद ठेवून काम करणाऱ्यांना, आणि बंदी घातलेले पिल्लू चोरून विकत घेणारा माणूस त्याला लसीसाठी डॉक्टरकडे नेण्यासही कचरेल.

राहिला मालक, ज्याचा संदेशात साधा उल्लेखही नाही. त्या शेडच्या फाटकाशी एक रॉटवायलर दीड हात साखळीला बांधलेला होता. गळ्याभोवतीचे केस झडून कातडी लाल झाली होती, आणि ‘दिवसभर बांधला की रात्री जास्त तापट होतो’ असे राखणदार अभिमानाने सांगत होता. आखूड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हे आहेत. प्राण्यापासून होणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण साखळीबद्दलचा गुन्हा पहिल्यांदा केल्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये; कित्येक दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम आजही तेवढीच आहे. सरकारकडे मागणी करायचीच असेल, तर ती हा दंड वाढवण्याची आणि २०१७ च्या नियमांखाली प्रत्येक शेडची तपासणी करण्याची करावी.