बुनेश्तची पाच गावं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया लागली, आणि लागायलाच हवी होती. तुमचे आक्षेप तीन. रोमानियातल्या बुनेश्त कोमुनावरच्या माझ्या लेखाचं नाव 'बुनेश्त', पण आत सगळं त्यातल्या व्हिस्क्री या एकाच गावाबद्दल. 'कोमुना' म्हणजे काय हे सांगितलंच नाही. आणि 'सॅक्सन लोक चांगल्या आयुष्याच्या शोधात जर्मनीला गेले आणि गाव ओस पडलं' असं लिहून त्यांना हाकलल्याचं मी लपवलं.

कोमुना आपल्या गट ग्रामपंचायतीसारखी असते. अनेक गावं, पण महापौर एक आणि निवडून आलेलं मंडळ एक. ब्राशोव्ह जिल्ह्यातल्या बुनेश्त कोमुनात बुनेश्त, क्रित्स, मेशेन्डॉर्फ, रोआदेश आणि व्हिस्क्री अशी पाच गावं आहेत. पाचही मूळची सॅक्सन, म्हणजे बाराव्या शतकापासून हंगेरीच्या राजांनी ट्रान्सिल्व्हेनियात वसवलेल्या जर्मनभाषकांची.

व्हिस्क्रीला १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. २००६ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश युवराज चार्ल्स यांनी तिथे घर घेतलं आणि बाहेरच्या जगाला कोमुनातलं तेवढं एकच गाव दिसू लागलं. मलाही तेवढंच दिसलं, ही माझी चूक. खरं तर रोआदेशबद्दल आधी लिहायला हवं होतं. तिथल्या तटबंदीच्या चर्चचा बुरूज फेब्रुवारी २०१६ मध्ये कोसळला. शेकडो वर्षं गावाने वर्गणी काढून, श्रमदान करून जी भिंत राखली, तिच्या डागडुजीला सॅक्सन गेल्यावर हात उरले नाहीत. सॅक्सन गावांत प्रत्येक आळीचा एक 'शेजार' असे, तीच त्यांची संस्था. विहीर उपसणं, घर उभारणं, मयताची तयारी, सगळं त्या शेजाराचं काम. कोण आलं नाही याची नोंद व्हायची, दंड व्हायचा. तो शेजार मोडला की बुरुजाकडे कोण बघणार?

आता 'हाकललं' या शब्दाबद्दल. इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाने दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना सरसकट देशाबाहेर काढलं, रोमानियाने तसं केलं नाही. पण जानेवारी १९४५ मध्ये तिथल्या जर्मनभाषकांपैकी १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या स्त्रिया सक्तमजुरीसाठी सोव्हिएत खाणींत पाठवल्या गेल्या. साऱ्या रोमानियातून मिळून सुमारे ७० हजार माणसं, आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. त्याच वर्षी जमिनी काढून घेतल्या गेल्या. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी हजारो मार्क मोजून त्यांना सोडवून घेत होती, आणि रोमानिया तो पैसा घेत होता. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर एकट्या १९९० मध्ये १ लाखाहून जास्त जर्मनभाषकांनी देश सोडला. त्या वर्षी कुणी त्यांना ढकललं नव्हतं. पण ४५ वर्षं पायाखालची जमीन काढून घेतल्यावर 'चांगल्या आयुष्याच्या शोधात' असं लिहिणं अन्यायाचं होतं. तेवढं तुमचं म्हणणं मला पटतं.

त्याच वाक्यातली दुसरी चूक तुमच्याही नजरेतून सुटली. व्हिस्क्री ओस पडलेलं नाही. आज तिथे रोमानियन आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जातं) कुटुंबं राहतात. व्हिस्क्रीतल्या बायका लोकरीचे मोजे विणतात आणि ते जर्मनीत विकले जातात. संध्याकाळी गायी कुरणातून परततात, आपापल्या दारापाशी कळपातून वेगळ्या होतात. त्या घरांत माणसं आहेत, म्हणून गायी तिथे वळतात. सॅक्सनांची आठवण काढताना मी या माणसांना मोजलंच नाही. रोमांची भाषा तर मुळात आपल्याच बाजूची आहे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', माणसाला 'मानुश' म्हणतात. हे शब्द माहीत असूनही मी 'ओस' लिहून गेलो, याचं मला वाईट वाटतं.

ते वाक्य आज लेखातून काढलं आहे. रोआदेश आणि क्रित्सवर वेगळा लेख लिहायला घेतलाय.